आत्याच्या मरणाची पहिली बातमी

बातमी लिहायला मी शिकले ती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर, रविवारी सकाळी. खाली पेपर वाचत बसलेले पेन्शनर, वर आम्ही कॉलेजातली मूठभर पोरं-पोरी, आणि फळ्यापाशी हिरेमठ सर. सर शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून फोडणीत लक्ष घालण्यापेक्षा पोरांना शहाणं करा, असं त्यांच्या बायकोनंच सुचवलं म्हणे. मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. फी घ्यायचे नाहीत. वर येताना कुणीतरी खालच्या हॉटेलात चहा सांगून यायचा, एवढीच अट. मी काही पत्रकार व्हायचं म्हणून तिथं गेले नव्हते. रविवारी सकाळी घरात सापडलं की आई तांदूळ निवडायला बसवायची, आणि मला तांदूळ निवडण्याचा मनापासून कंटाळा. पुढं जन्मभर ज्या कामावर मी पोट भरलं, त्याची सुरुवात ही अशी आहे, तिला मी काय करू.

पहिल्याच रविवारी सरांनी आम्हाला खिडकीशी उभं केलं. चहा येईपर्यंत रस्ता बघा आणि मग लिहा, म्हणाले. आम्ही झाडून सगळ्यांनी लिहिलं: गजबजलेला रस्ता, माणसांची लगबग, जीवनाचा अखंड प्रवाह वगैरे. मी तर 'भाजीवालीशी संतापून भांडणारी एक गृहिणी' असंही घातलं होतं आणि मनातून खूश होते. सरांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि विचारलं, संताप कुठं दिसला? मी म्हटलं, चेहऱ्यावर. माडीवरून चेहरा दिसला होय, सर म्हणाले. मग मी आठवून आठवून सांगितलं, की तिनं पिशवीतली वांगी एकेक काढून परत टोपलीत टाकली आणि पदर कमरेला खोचला. "मग तेच लिही की," सर म्हणाले. "संताप वाचणाऱ्याला येऊ दे. तू वांगी दाखव." बघितलेलं एका ताटात, ऐकलेलं दुसऱ्या ताटात, आणि वाटलेलं तिसऱ्या ताटात, उष्टं एकमेकांत जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं पालुपद. आता मीच पोरांना हे शिकवायला जाते. खिडकीशी उभं राहा म्हटलं की ती माझ्याकडं दयेनं बघतात आणि मोबाइल वर करून रस्त्याचा व्हिडिओ घेतात. मग मी विचारते, भाजीवाली उजव्या हातानं तोलत होती का डाव्या, तर पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागतात.

आमचं घर वाचनालयापासून दोन गल्ल्या सोडून. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही दोन खोल्यांत. खाली दिवसभर कुणाची ना कुणाची घागर ठोकून सरळ करणं चालायचं, लांबून कुठूनतरी मागांची खटखट, आणि गिरणीचा भोंगा झाला की आई म्हणायची, चला, चहाची वेळ झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका शाळेत क्लार्क. मितभाषी माणूस. आई तेवढीच बोलकी. आणि घरातलं तिसरं मोठं माणूस म्हणजे आत्या, अण्णांची थोरली बहीण, द्वारका तिचं नाव. मी तिच्या मांडीवर वाढले. माझी वेणी तिनं घातली, माझी कॉलेजची फी भरायला अण्णांच्या मागं लागून लागून तिनं लावलं, आणि धपाटेही मला तिनंच दिले, खायचे आणि पाठीतले दोन्ही. शेंगदाण्याची चटणी ती उखळात कुटायची, तिचा घुमणारा आवाज मला अजून कधी कधी पहाटे झोपेत ऐकू येतो. कडक भाकरी करून डब्यात उभ्या रचून ठेवायची आणि त्यातली एक मोडली तरी तिला लांबून कळायचं.

आत्याचं लग्न पंढरपुरात झालं होतं. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याचं देवळाजवळच्या गल्लीत बुक्का, कुंकू, माळांचं दुकान होतं. त्यानं दुसरी केली, तेव्हा आत्या ट्रंक घेऊन सोलापूरला आली ती आलीच. लोक तिला टाकलेली म्हणायचे. तिच्या कानावर गेलं की ती म्हणायची, "मला कुणी टाकलं न्हाय. मी टाकून आले." कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची. आई एकदा म्हणाली, वन्सं, त्या माणसाच्या नावाचं कशाला लावायचं. तर म्हणते, "कपाळ माजं हाय, दुकान त्याचं." यापलीकडं पंढरपूरचा विषय घरात निघत नसे. तो माणूस म्हणजे 'तितला', आणि त्याची दुसरी बायको म्हणजे नुसती 'ती'. मला तर लहानपणी वाटायचं, 'ती' हेच तिचं नाव आहे.

वर्गातून आल्यावर मी सगळा धडा आत्यावर उतरवून काढायची. ती भाकरी थापत असायची आणि मी पाटावर बसून, आज वाटेत काय बघितलं ते सांगायची, एकही विशेषण न घालता. तिला त्याची लई मजा वाटायची. मी कुठं घसरले, 'बिचारा म्हातारा' वगैरे म्हणाले, की ती लगेच पकडायची: बिचारा कुटं दिसला गं? अण्णांनी शाळेतली हकीकत सांगितली की ती ऐकून घ्यायची आणि मग माझ्याकडं बघून म्हणायची, ह्यात मीठ जास्त हाय. शाळेत ती जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरती गेली होती, पण हिरेमठ सरांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी तीच, हे मी सरांनाही सांगितलं होतं. सर म्हणाले, मग तिलाच पाठव की रविवारी, तू तांदूळ निवड.

आणि मग एका शनिवारी दुपारी गच्चीवर सांडगे घालत असताना आत्याच्या डोक्यावर कावळा बसला. आमच्याकडं हा साधा प्रकार मानत नाहीत. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण आलं, असं समजतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या कुणाला तरी कळवायची. ते रडले, मनापासून रडले, की मरण येऊन गेलं असं धरायचं, आणि लगेच खरं काय ते सांगून टाकायचं. उलट आयुष्य वाढतं म्हणतात. आजच्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर ते हसतात, आणि मीही हसते. पण त्या दुपारी आई जिन्यावरून धडधडत खाली आली तेव्हा तिच्या हाताला सांडग्याचं पीठ तसंच होतं आणि ओठ पांढरे पडले होते. अण्णा या असल्या गोष्टी मानत नसत. तेही पेपर घडी करून ठेवून उठून उभे राहिले.

प्रश्न आला तो कळवायचं कुणाला याचा. रडणारी माणसं तर सगळी घरातच, आणि त्यांना खरं माहीत. अण्णांनी माढ्याच्या चुलतभावाचं नाव काढलं. आई म्हणाली, तो सख्ख्या आईला रडला नाही तो चुलत बहिणीला काय रडणार, आणि त्याची बायको मात्र पोरंबाळं घेऊन पुढच्या एस्टीनं इथं जेवायला हजर होईल. मग एका मावशीचं नाव निघालं, ती कधीच वारली होती. एका जुन्या शेजारणीचं निघालं, ती कुठं राहते ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकेक नाव निघत होतं आणि गळत होतं. आत्या खिडकीपाशी बसून डोक्यावरून घेतलेल्या पाण्यानं ओले झालेले केस सोडवत होती. मला त्या वेळी एकदम कळलं, की या घराबाहेर आपल्या आत्यासाठी रडेल असं माणूस आम्हाला सापडत नाहीये, आणि ते तिच्यादेखतच चाललंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनाही ते कळलं असावं, कारण घडी करून ठेवलेला पेपर त्यांनी उचलून पुन्हा घडी केला.

"पंढरपूरला कळवा," आत्या म्हणाली.

खाली घागर ठोकणं तेवढं चालू होतं. अण्णा म्हणाले, आक्का, कशाला? त्या दाराची पायरी मी चढणार नाही, तुला माहीत आहे. आत्या म्हणाली, तू नकोच. तू येऊन सांगशील, लई रडला गं बाई, ढसाढसा रडला म्हणून. मला बरं वाटावं म्हणून सांगशील. तुझी बायको त्यात आणखी दोन डोळ्यांचं पाणी घालंल. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "निमी जाईल. तिला बगितलं तेवढंच सांगायचं शिकिवत्यात. निमे, त्यो रडतो का न्हाय, तेवढं बगून ये. आन हाय तसं सांग."

लग्नाच्या पोरीनं मरणाचा निरोप न्यायचा म्हणून आई धुसफुसली, पण आत्यापुढं तिचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. मी आधी वर्गाला गेले, कारण मला सरांना विचारायचं होतं. वर्ष झालं हा माणूस आम्हाला खात्री करा, खरं लिहा म्हणून घसा कोरडा करतोय, आणि मी वर्गातून उठून धडधडीत खोटी बातमी घेऊन एस्टीत बसणार. सगळे गेल्यावर मी सरांना कावळ्यापासून सगळं सांगितलं. मला वाटलं, अंधश्रद्धा म्हणून झापतील. त्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "नेणार ती खोटी असू दे. ती तुमच्या घरातली गोष्ट. पण आणशील ती बातमी आहे. ती खरी आण. त्या बाईला तेवढंच पाहिजे."

मोहोळमार्गे पंढरपूर. वाटेत मी वाक्य घोकत होते, आत्या गेली, आत्या गेली, आणि शेजारच्या बाईला वाटलं मी कुणाच्या मयतालाच निघाले आहे, तिनं माझा हात हातात घेतला. मला तिला खरं सांगताही येईना. गल्लीत दुकान शोधायला वेळ लागला नाही. कुंकवाच्या लाल ढिगामागं एक वाळका, चष्मा लावलेला माणूस पेपराच्या कागदात बुक्का तोलून देत होता. त्याला मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं कुणीतरी राक्षस असेल. तो आमच्या शाळेच्या शिपायासारखा दिसत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, सोलापूरहून आले, द्वारका आत्या गेली.

त्यानं तागडी खाली ठेवली. कधी, विचारलं. आज पहाटे, मी म्हटलं. त्यानं हात झटकले, दुकानातल्या विठ्ठलाच्या तसबिरीला नमस्कार केला. मग चष्मा काढला, आणि मी मनात म्हटलं, आता. मी त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. त्यानं चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, आणि गल्लीकडं बघत म्हणाला, "सूतक धरावं लागंल का काय की. एकादशी तोंडावर आलीया. दुकान बंद ठिवायचं म्हंजी..." मग आत वळून हाक मारली, अगं, पाणी तापीव, सोलापूरची गेली. एवढंच. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही सांगेन. पाऊस येईलसं दिसतंय म्हणताना माणसाचा जो आवाज असतो, तो होता. आणि हे मला घरी जाऊन सांगायचं होतं.

आतून एक बाई आली. आत्यापेक्षा बरीच लहान, हात कोपरापर्यंत ओले. कोण गेलं, तिनं विचारलं. सोलापूरची, तो परत म्हणाला. ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. पदर तोंडाला लावणं नाही, कोण बघतंय याची फिकीर नाही, गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. मी घाबरले. कुणी रडलं की लगेच खरं सांगायचं हे मला बजावलेलं होतं, पण तिच्या रडण्यात मला मध्ये घुसता येईना. ती रडता रडता मला सांगत होती, नव्हे, सांगत कुणाला होती देव जाणे. लग्न होऊन आली तेव्हा ती सोळाची. घरात थोरली सवत आहे हे तिला मांडवात कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवत ट्रंक बांधत होती आणि ही चुलीपुढं बसली होती.

"मला चूल पेटंना," ती म्हणाली. "सारा धूर. मी रडत व्हते. ट्रंक घेऊन दारात गेलेली बाई माघारी आली, माज्या शेजारी बसली, चूल पेटवून दिली, मीठ कुटं, तिखट कुटं, सगळं दावलं. आन मग गेली. एक शब्द वाकडा बोलली न्हाय मला."

मग मात्र मी सांगून टाकलं. आत्या जिवंत आहे, ठणठणीत आहे, डोक्यावर कावळा बसला होता म्हणून निरोप आणला. मग तिनं माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, मेले, आधी सांगायचं की, म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली, या खेपेला हसत हसत. दुकानातून आवाज आला, मग पाणी तापवू नगं. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं आवाजावरून वाटलं, पण हे माझं वाटणं आहे, ते वेगळ्या ताटात ठेवते. तिनं मला उपाशी जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी वाढली, स्वतः समोर बसून आत्याचं एकेक विचारत राहिली, गुडघे दुखतात का, दात आहेत का, केस पिकले का. निघताना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि माझं मनगट धरलं. म्हणाली, पोरी, घरी गेल्यावर हेबी रडले म्हणून सांग. खोटं असलं म्हणून काय झालं, बाईच्या जिवाला बरं वाटतं. माझं कायबी सांगू नगं, मी कोण त्यांची.

परतीच्या एस्टीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. सांगून टाकावं, रडला म्हणून. काय बिघडलं? वर्तमानपत्रात थोडंच छापायचंय. एवढी वर्षं जिनं मला वाढवलं तिला एक खोटं देता येत नसेल तर काय चाटायचंय हे शिक्षण? आणि लगेच वाटायचं, खोटं द्यायला घरात दोन माणसं होती की. तिनं मला निवडलं ते कशासाठी? मोहोळ येईपर्यंत मी रडला म्हणून सांगायचं ठरवलं होतं, मोहोळ सुटल्यावर नाही सांगायचं ठरवलं, आणि सोलापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

आईनं दारातच माझ्या पायावर पाणी घातलं. आत्या चुलीपुढं होती, संध्याकाळच्या भाकरी चालल्या होत्या. तिनं अण्णांना आणि आईला बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं आणि मला पाट दिला. सांग, म्हणाली. मी तोंड उघडलं तेव्हासुद्धा मला ठाऊक नव्हतं मी काय बोलणार आहे. पण रोजची जागा, रोजचा पाट, समोर भाकरी थापणारे तेच हात, आणि तोंडातून रोजच्यासारखंच बाहेर पडलं. तागडी ठेवली. नमस्कार केला. चष्मा पुसला. डोळे कोरडे होते. सूतक धरावं लागेल का म्हणाला, एकादशी जवळ आली म्हणाला, दुकानाचं काय म्हणाला.

"दुकानाचं इचारलं व्हय," आत्या म्हणाली आणि थोडीशी हसली. तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही. वास सुटला तरी उलटली नाही. त्या घरात भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मी उठून ती काढायला गेले तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, बस. मग कावळ्याचं कसं? कुणीच रडलं न्हाय?

रडली, मी म्हटलं. 'ती' रडली. आणि मग उंबरा, ओले हात, थांबलेली माणसं, चूल, मीठ, तिखट, सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, वली लाकडं घालत बसली व्हती गं, नुसता धूर. पेटवू नको तर काय करू? मग म्हणाली, एवढं ध्यानात ठिवलं व्हय तिनं. आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिनं पुसलं नाही, नवी भाकरी थापायला घेतली. मी तेही सांगून टाकलं, की 'हे रडले म्हणून सांग' असं तिनं मला बजावलं होतं. मग का न्हाय सांगितलंस, आत्यानं विचारलं. मी म्हटलं, तूच म्हणालीस, हाय तसं सांग. तिनं पिठाच्या हातानं माझा गाल धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"नाव काय तिचं?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना. जेवले तिच्या घरी, रडताना बघितलं, चापट खाल्ली, आणि नाव विचारलं नव्हतं. दुकानातून तो 'अगं' म्हणाला होता तेवढं आठवत होतं. आत्या म्हणाली, "आमी 'ती' म्हणतो, त्यो 'अगं' म्हणतो. आन तू एवढी शिकतीस, तूबी न्हाय इचारलंस?" रागावून नाही म्हणाली. पण मला ते सरांच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर जन्मात मी कुणाशीही बोलले, मंत्री असो की मोलकरीण, आधी नाव विचारलं. माझे विद्यार्थी मला यावरून चिडवतात, रिक्षावाल्याचंसुद्धा विचारता मॅडम तुम्ही. चिडवू देत.

दोन-चार दिवसांनी आत्यानं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं, शेंगापोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, चल, वाट दाखव. वाट तिला माहीत होती, तरी मी पुढं झाले. गल्लीच्या कोपऱ्यावर तिनं मला एका हारवालीच्या ओट्यावर बसवलं. तू हितंच थांब, म्हणाली, सगळंच बगायचं नसतं. मी तिथून बघितलं ते एवढं: दुकानातला माणूस तिला बघून उभा राहिला. ती मान न वळवता त्याच्यापुढून गेली आणि बाजूच्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं. एका हातानं फडक्याची गाठोडी आत घेतली, दुसऱ्या हातानं आत्याला. मग दार लागलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि पुढं दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. हारवालीचे बरेच हार करून झाले तेव्हा कुठं आत्या बाहेर आली. एस्टीत बसल्यावर, गाडी गाव सोडून लांब गेल्यावर म्हणाली, शालन. शालन नाव हाय. माढ्याकडली हाय, आपल्याच बाजूची निगाली की.

त्यानंतर शालनआत्या आमच्याकडं येऊ लागली. आधी संक्रांतीला, मग दिवाळीला, मग सणाची वाट न बघता. दोघी गच्चीवर बसून पापड लाटायच्या आणि मिठावरून भांडायच्या. अण्णा आधी तिच्यासमोर येत नसत, पुढं पुढं तिला घ्यायला स्टँडवर जायला लागले. तो माणूस वारला तेव्हा आत्या पंढरपूरला जाऊन तिला घेऊन आली, आणि महिनाभर तिला हलू दिलं नाही. मी तोवर शहरातल्या एका दैनिकात लागले होते. हिरेमठ सर गेले, वाचनालयाची माडी पडली, अण्णा गेले, आई गेली. आत्या मात्र सगळ्यांना पुरून उरली. कावळ्यानं आयुष्य वाढवलं असं ती सांगत सुटायची, आणि मी तिला म्हणायची, ह्यात मीठ जास्त आहे.

ती गेली ती झोपेत गेली. मी शालनआत्याला फोन केला, तर पहिल्यांदा तिनं विचारलं, खरं का गं? आणि मग फोनवर काही ऐकूच येईना. ती आली, तिरडी निघेपर्यंत आत्याच्या उशाशी बसून राहिली. मी निवृत्त व्हायला आले होते, तरी निधनाची बातमी कुणाला लिहू दिली नाही. स्वतः लिहिली. चार ओळींची. 'त्यांच्या पश्चात भाची निर्मला व बहीण शालन असा परिवार आहे' असा शेवट केला आणि पाठवून दिली. संध्याकाळी डेस्कवरून नव्या मुलाचा फोन आला. चांगला मुलगा, मीच शिकवलेला, खात्री केल्याशिवाय ओळ सोडत नसे. चाचरत म्हणाला, मॅडम, तुमच्या आत्यांना बहीण असल्याचं कधी ऐकलं नव्हतं म्हणून विचारतो, सख्खी की चुलत? शालनआत्या पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"सख्खी," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.